अकरा जीबी रिकामी, तरी मशीन म्हणते मेमरी नाही

इतवारीतल्या एका लग्नपत्रिकेच्या छापखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. ऐन लग्नसराईत, सकाळी साडेआठला, काकांचा फोन आला: "भाऊ, मशीन पुन्हा आडवी झाली ना. परवाच तर सुरू करून देल्ली होती तुम्ही."

दर दोन-तीन दिवसांनी हेच चाललं होतं. लक्षणं मात्र प्रत्येक वेळी वेगळी, म्हणूनच इतके दिवस वाया गेले. कधी साम्बा (नेटवर्कवरून फाइली वाटणारी सेवा) मेलेलं, त्यामुळे डिझाइनच्या टेबलावरून फाइलच उघडत नाही. कधी डेटाबेस बंद. कधी पासवर्ड टाकला की स्क्रीन तिथंच थिजलेली. बटण दाबून पुन्हा सुरू केलं की सगळं सुतासारखं सरळ.

तुमच्याकडे हेच होत असेल तर उत्तर आधीच सांगतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) ३२ बिट आहे, पीएई (३२ बिट कर्नलला ४ जीबीच्या वरची रॅम वापरू देणारी सोय) लावून त्याला ८ किंवा १६ जीबी रॅम दिली आहे, आणि संपतोय तो रॅमच्या सुरुवातीचा ८९६ एमबीचा पट्टा. बाकीची रॅम मोकळीच आहे. आणखी रॅम टाकू नका, त्रास वाढेल. ६४ बिट कर्नल टाका. वरची सगळी सिस्टीम ३२ बिटच राहू दे, पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही.

आदेश आणि पर्याय मी उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करायचे.

उन्हावर ढकललेले तीन आठवडे

मे महिन्यात नागपुरात काहीही बिघडलं की पहिला आरोपी ऊन. प्रेसमधला सर्व्हर जिन्याखालच्या कोनाड्यात, बाजूला कूलर, त्याचा ओलसर वारा आणि कागदाचा भुगा. मीही तेच धरून बसलो. पंखे साफ केले, प्रोसेसरची पेस्ट बदलली, कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं. पण तापमानाची नोंद ठेवायला लागलो तेव्हा दिसलं की मशीन झोपते रात्री दोन ते चारच्या दरम्यान, म्हणजे दिवसातल्या त्यातल्या त्यात गार वेळेला. दुपारी चारला, बाहेर ४५ अंश असताना, ती मजेत चालते. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

मग रॅमवर संशय. रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही चूक नाही. तेव्हा डब्यात ४ जीबी होती आणि त्रास आठवड्या-दीड आठवड्यातून एकदा व्हायचा. मी म्हटलं, कमी पडत असेल. सीताबर्डीतून चार-चार जीबीच्या चार पट्ट्या आणल्या, १६ केली. त्यानंतर त्रास दर दोन-तीन दिवसांनी व्हायला लागला. काकांनी बिल दिलं, पण बघितलं माझ्याकडे असं, की पुढचा चहा मीच सांगितला.

थोडा पूर्वेतिहास सांगावा लागेल. मूळ सर्व्हर पेंटियम ४ चा होता. तो बसला तेव्हा हार्डडिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून एका सेकंडहँड कोअर आय५ च्या डब्यात बसवली. त्यावरचं डेबियन लिनक्स ३२ बिटच राहिलं, आवृत्त्या चढवत चढवत १२ पर्यंत आणलेलं. नव्याने ६४ बिट का नाही टाकलं? कारण प्लेट काढायच्या यंत्रासाठी लागणारा रिप प्रोग्राम (डिझाइनचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारा) ३२ बिट आहे, बनवणाऱ्यांनी कधीच हात वर केलेत, आणि तो पुन्हा बसवण्याची कोणाचीच छाती नाही. जुन्या छापखान्यांत, वजनकाट्यांवर, कारखान्यातल्या यंत्रांपाशी असे डबे ढिगाने सापडतील.

लॉगमधल्या दोन ओळी

शेवटी एके रात्री घरूनच जोडून बसलो. पावणेतीनला डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ओळ आली: आरसिंकने (बॅकअपसाठी फाइली कॉपी करणारा प्रोग्राम) ओओएम किलरला बोलावलं. मेमरी संपली की कर्नल ज्या प्रक्रियेचा बळी देऊन जागा करतो तो हा. बळी गेला डेटाबेसचा. मिनिटभरात दुसरा बळी, साम्बा. मग तिसरा.

त्याच क्षणी फ्री या आदेशाने मेमरी बघितली तर एकूण १६ पैकी ११ जीबीच्या वर मोकळी. स्वॅपला तर हातही लागलेला नाही. मी आधी डोळे चोळले.

उत्तर ओओएमच्या त्या लांबलचक मजकुरातच असतं. बहुतेक जण, मीही त्यातलाच, पहिली ओळ आणि मेलेल्याचं नाव वाचून थांबतात. खाली झोननुसार, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांनुसार, हिशोब असतो, तो वाचायचा. माझ्याकडे नॉर्मल झोनच्या (तोच ८९६ एमबीचा पट्टा) ओळीत "फ्री" होतं ३४०० केबीच्या आसपास आणि "मिन" त्याहून थोडं जास्त. म्हणजे धोक्याच्या रेषेखाली. पुढच्याच ओळीत हायमेम, म्हणजे त्या पट्ट्याच्या वरची रॅम, तिथं फ्री एक कोटी केबीच्या वर. आणि पहिल्या ओळीत मागणीचा प्रकार लिहिलेला: जीएफपी कर्नल, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या वापरासाठी. ही मागणी हायमेममधून भागवताच येत नाही.

हे कळलं आणि लक्षणं दर वेळी वेगळी का, तेही कळलं. किलर सगळ्यात जाडजूड प्रक्रिया शोधून मारतो. पण त्या प्रक्रियेची मेमरी असते प्रामुख्याने हायमेममध्ये. ती मारून नॉर्मल झोनमध्ये काही सुटत नाही, म्हणून तो पुढची मारतो. डेटाबेस निर्दोष, साम्बा निर्दोष. ज्याने जागा खाल्ली त्याच्यापर्यंत हात पोचतच नाही.

आपल्या मशीनवर बघायला ओओएमची वाट पाहायची गरज नाही. फ्री हा आदेश एल आणि एम हे पर्याय लावून चालवा. "लो" आणि "हाय" अशा दोन जास्तीच्या ओळी येतात. माझ्याकडे लो एकूण ७०० एमबीच्या आसपास, त्यातले मोकळे ९. यूनेम -एम ने आय६८६ असं सांगितलं तर कर्नल ३२ बिट.

८९६ कुठून आले

३२ बिटांच्या पत्त्यात २ चा ३२ वा घात इतक्या बाइट मावतात, म्हणजे ४ जीबी. इथं गोंधळ होतो तो पत्ते दोन प्रकारचे असल्यामुळे. एक रॅमचा खरा पत्ता, दुसरा प्रोग्रामला दिसणारा आभासी पत्ता. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आलेलं पीएई खरा पत्ता ३६ बिटांचा करतं, त्यामुळे ६४ जीबीपर्यंत रॅम हाताळता येते. आभासी पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहतो. त्या ४ जीबीतले ३ लिनक्स चालू प्रक्रियेला देतं आणि १ स्वतःकडे ठेवतं. या १ जीबीतले १२८ एमबी तात्पुरत्या जोडण्या, डिव्हाइसेस वगैरेंसाठी राखीव. उरले ८९६. रॅमचा तेवढाच भाग कर्नलला कायम, थेट दिसतो. तो लोमेम. वरचं सगळं हायमेम, जे कर्नलला हवं तेव्हा छोट्या खिडकीतून थोडं थोडं डोकावून बघावं लागतं.

इतवारीतलं दुकान डोळ्यांपुढे आणा. पुढे गल्ला, मागे गोदाम. प्रोग्रामचा माल, फाइलींचा मजकूर गोदामात पडला तरी चालतं. पण शेठला क्षणोक्षणी लागणाऱ्या वह्या गल्ल्यावरच हव्यात. आता गोदामातल्या प्रत्येक खोक्याची नोंद ज्या वहीत आहे ती वहीसुद्धा गल्ल्यावरच राहते. गोदाम चौपट केलं की वही चौपट जाड, आणि गल्ला तेवढाच.

हा नुसता दृष्टांत नाही, हिशोब आहे. कर्नल रॅमच्या दर ४ केबीच्या पानामागे साधारण ३२ बाइटची नोंद ठेवतो आणि ती लोमेममध्ये. ४ जीबीला या नोंदी होतात ३२ एमबी. १६ जीबीला १२८. म्हणजे मी पट्ट्या वाढवून लोमेममधले ९६ एमबी आपल्या हाताने घालवले, आणि त्याचे पैसे घेतले.

उरलेला पट्टा कोण खात होतं ते स्लॅबटॉपमध्ये (कर्नलची स्वतःची मेमरी कशात गेली ते दाखवणारा आदेश) दिसलं. रात्री दोनचा बॅकअप. प्रेसकडे दरवर्षीच्या पत्रिकांचे नमुने, त्यांची छोटी छोटी प्रीव्ह्यू चित्रं, सगळं मिळून १४ लाखांच्या आसपास फाइली. आरसिंक प्रत्येक फाइलला शिवतो, आणि शिवलेल्या फाइलमागे कर्नल एक आयनोड (फाइलची माहिती) आणि एक डेंट्री (फाइलच्या नावाची नोंद) आठवणीत ठेवतो. दोन्ही मिळून फाइलमागे अर्धा-पाऊण केबी. चौदा लाखांनी गुणा, ७०० एमबीत बसत नाही. ही आठवण टाकून देता येण्यासारखी असते, पण एक अडचण आहे: फाइलचा मजकूर हायमेममध्ये पानांवर पडून असेल तर तिचा आयनोड सहजी सुटत नाही. गोदामात जागा भरपूर, म्हणून तिथली पानं कोणी हलवत नाही. ती हलत नाहीत म्हणून गल्ल्यावरचे आयनोड अडकून बसतात. नव्या कर्नलमध्ये यावर उपाय केलेले आहेत, पण ताण मोठा असला की पुरे पडत नाहीत.

तुमची तक्रार हीच आहे ना, ते बघा

याच्याशी मिळत्याजुळत्या दोन तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात. त्यांचं औषध वेगळं.

"४ जीबी टाकली, दिसते ३.२": ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांत ग्राफिक्स आणि इतर कार्डांसाठी जागा राखलेली असते, तिथली रॅम झाकली जाते. बायोसमध्ये "मेमरी रीमॅप" चालू करा आणि कर्नल पीएईचा किंवा ६४ बिट घ्या. इंटेल ९४५ चिपसेटचा बोर्ड असेल तर डोकं फोडू नका. त्याला ४ जीबीच्या वरचे पत्तेच नाहीत, कुठलाही कर्नल टाका, ती रॅम परत येणार नाही. ३२ बिट विंडोज एक्सपी किंवा ७ असेल तर तिथं मर्यादा मायक्रोसॉफ्टने जाणूनबुजून ठेवली आहे. ड्रायव्हर मोठे पत्ते बघून गडबडत होते, म्हणून.

"कर्नल म्हणतो पीएई नाही": पेंटियम एमचे काही जुने लॅपटॉप पीएई जमत असूनही तसं सांगत नाहीत. बूटच्या ओळीत फोर्सपीएई लिहा, चालतं.

आणि एक तिसरं, जे याच दुखण्याचं भावंड आहे. ओओएम येत नाही, पण मोठी रॅम असलेल्या ३२ बिट मशीनवर डिस्कवर लिहिणं गोगलगाईसारखं होतं. डिस्कवर उतरायची राहिलेली पानं किती साठू द्यायची याची टक्केवारी कर्नल फक्त लोमेमवर काढतो. लोमेम भरलं की ती मर्यादा जवळजवळ शून्यावर येते आणि प्रत्येक लिहिणारा ताटकळतो. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंग्जमध्ये) व्हीएम डॉट हायमेम_इज_डर्टिएबल १ केलं की वेग परत येतो.

तात्पुरती मलमपट्टी

लगेच ६४ बिटकडे जाता येत नसेल तर रात्री मशीन जगवण्यासाठी इतकं करा. व्हीएफएस_कॅश_प्रेशर मुळात १०० असतो, तो २०० ते ५०० करा, म्हणजे आयनोड-डेंट्री लवकर टाकल्या जातात. मिन_फ्री_केबाइट्स १६३८४ करा. बॅकअप एका दमात न घेता वर्षवार फोल्डर करून घ्या, आणि दोन फोल्डरांच्या मध्ये सिंक करून ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा. २ लिहून भागत नाही, कारण पानं अडकवून ठेवतात ते वर सांगितलंच. हे केल्यावर प्रेसचा सर्व्हर अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी पडला.

दुसरी मलमपट्टी ऐकायला वेडगळ वाटते: बूटच्या ओळीत मेम=८जी लिहा. अर्धी रॅम झाकून टाका. नोंदवही अर्धी होते, लोमेममध्ये ६४ एमबी परत येतात. काकांना हे समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून केलं नाही.

कर्नल स्वतः बांधायचा तर

मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नल बांधताना पर्याय निवडायचा मेनू) प्रोसेसरच्या विभागात हाय मेमरी सपोर्ट नावाचा पर्याय असतो. त्यात तीन निवडी: बंद, ४ जीबी, ६४ जीबी. बंद म्हणजे ८९६ एमबीच्या वरची रॅम सोडून द्या. ४ जीबी म्हणजे पीएईशिवाय हायमेम. ६४ जीबी म्हणजे पीएईसकट. ४ जीबीपेक्षा कमी रॅम असली तरी पीएई सरसकट बंद करू नका, कारण ३२ बिटमध्ये मेमरीची पानं "इथून प्रोग्राम चालवू नको" अशी खूण करायची सोय पीएईशिवाय मिळत नाही, आणि ती सुरक्षेची सोय आहे.

त्याखाली मेमरी स्प्लिट. एक्स्पर्ट पर्याय चालू केल्याशिवाय तो दिसतच नाही, म्हणून लोक शोधत बसतात. ३जी/१जी ही नेहमीची वाटणी. २जी/२जी निवडलं की लोमेम जवळपास १९२० एमबी. १जी/३जी हाही पर्याय आहे. मधले दोन, ज्यांच्या नावात ऑप्ट येतं, ते पीएई चालू असताना निवडता येत नाहीत, त्यामुळे आपल्या कामाचे नाहीत.

मी २जी/२जी बांधला. कर्नल छान उठला, रात्रीचा बॅकअप निर्विघ्न. मी खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी डिझाइनच्या पोट्ट्याचा फोन, दहा बाय वीस फुटांचं फ्लेक्स रिपला दिलं की रिप मधेच मरतो. साहजिक होतं. कर्नलला १ जीबी जास्त दिली ती कोणाच्या ताटातली? प्रक्रियेला आता ३ ऐवजी २ जीबीच पत्ते उरले, आणि रिपला मोठ्या कामाला त्याहून जास्त लागतात. पत्रिकाच छापणारी प्रेस असती तर खपून गेलं असतं. फ्लेक्सने घात केला.

तुमचे प्रोग्राम छोटे असतील आणि प्रोसेसर ६४ बिट जाणत नसेल, उदाहरणार्थ जुना कोअर ड्युओ (टू नव्हे), तर मात्र २जी/२जी हाच चांगला मार्ग.

शेवटी लागू पडलेलं औषध

आधी प्रोक सीपीयूइन्फोमध्ये फ्लॅग्जच्या ओळीत एलएम शोधा. तो लाँग मोड. असेल तर प्रोसेसर ६४ बिट जाणतो, आणि कोअर आय५ मध्ये तो असतोच.

डेबियन १२ वर केलेलं काम इतकंच. डीपीकेजीला (डेबियनचा पॅकेजं सांभाळणारा आदेश) --ॲड-आर्किटेक्चर देऊन एएमडी६४ जोडलं. ॲप्ट अपडेट. मग लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे पॅकेज मागितलं, नावाच्या शेवटी विसर्गासारखा कोलन देऊन पुन्हा एएमडी६४. एएमडी६४ हे नुसतं नाव आहे, इंटेलच्या प्रोसेसरलाही तेच लागतं. "आपली तर इंटेलची मशीन आहे" म्हणून दोन जणांनी मला थांबवलंय.

रीबूटच्या आधी डिस्कची नक्कल काढा. जुना ६८६-पीएई कर्नल काढू नका, ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत राहू द्या. आणि उठल्यावर यूनेम -एम बघाच, कारण माझ्याकडे पहिल्या वेळी ग्रबने गुपचूप जुनाच कर्नल उचलला होता आणि मी तासभर भलत्याच आनंदात होतो. एक्स८६_६४ दिसलं पाहिजे.

कुठं अडतं तेही सांगतो. बाहेरून आणलेले कर्नल मॉड्यूल, डीकेएमएसवाले, ६४ बिटसाठी नव्याने बांधावे लागतात. ज्या हार्डवेअरचा ड्रायव्हर फक्त तयार ३२ बिट मॉड्यूल म्हणून मिळालाय आणि सोर्स नाही, तिथं हा मार्ग बंद. नशिबाने आमचा रिप नेटवर्कवरून बोलतो, त्याला मॉड्यूल लागत नाही. मात्र त्याची सुरू व्हायची स्क्रिप्ट यूनेम बघून "मशीन चुकीची" म्हणत बाहेर पडत होती. तिच्या आधी लिनक्स३२ हा आदेश लावला की तिला आय६८६ दिसतं आणि ती गप चालते.

आता फ्री -एलएम केलं की सगळी रॅम "लो"च्या ओळीत आणि "हाय"च्या ओळीत शून्य. वाटणीचाच प्रश्न मिटला. शिवाय ६४ बिट कर्नलखाली ३२ बिट प्रक्रियेला जवळजवळ पूर्ण ४ जीबी पत्ते मिळतात, कारण कर्नल त्या घरात राहतच नाही. त्यामुळे जे फ्लेक्स पूर्वी ३जी/१जीवरही रडत रडत निघायचं ते आता नीट निघतं.

हे काम पुढे ढकलणाऱ्यांसाठी एक बातमी. लिनक्स ६.१५ मधून, म्हणजे २०२५ मध्ये, ६४ जीबीचा तो हायमेम पर्यायच काढून टाकला. डेबियन १३ पासून ३२ बिट इंटेलसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही येत नाहीत. म्हणजे १६ जीबी आणि पीएई ही जोडी आता जुन्या कर्नलवरच चालू राहील, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील तोवर.

प्रेसचा सर्व्हर त्यानंतर बंद पडला तो थेट जुलैत, लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली होती म्हणून. काकांनी तेव्हाही पहिला प्रश्न हाच विचारला: "रॅम वाढवायची का, भाऊ?"